अमेरिकेतील ‘सेव्हिंग्ज अँड लोन’ संस्था 1980च्या दशकात का बुडाल्या?

या संस्थांचा मूळ व्यवसाय साधा होता: परिसरातील लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि त्यांतून 30 वर्षांपर्यंतची, स्थिर व्याजदराची गृहकर्जे द्यायची. धोका मुदतीच्या विसंगतीत होता, कारण ठेवीदार पैसे केव्हाही काढू शकत असे, तर कर्ज मात्र जुन्या दराने दशकानुदशके अडकलेले राहत असे.

1970च्या दशकात महागाई भडकली आणि 1979नंतर फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांच्या कठोर धोरणामुळे व्याजदर गगनाला भिडले. समजा, 30,000 डॉलरच्या जुन्या कर्जावर 6 टक्क्यांनी वर्षाला 1,800 डॉलर मिळत असतील आणि तेवढ्याच ठेवी टिकवण्यासाठी 10 टक्क्यांनी 3,000 डॉलर मोजावे लागत असतील, तर असा आतबट्ट्याचा व्यवहार किती काळ चालणार?

खरी चूक, माझ्या मते, त्यानंतर झाली. 1980 मध्ये सरकारी ठेव विम्याची (संस्था बुडाल्यास ठेवीदाराला पैसे परत देणाऱ्या हमीची) मर्यादा 40,000 वरून 1,00,000 डॉलरवर नेण्यात आली आणि 1982च्या कायद्याने या संस्थांना व्यापारी मालमत्तेसारख्या जोखमीच्या क्षेत्रांत कर्जे देण्याची अधिक मोकळीक मिळाली. म्हणजे नफा मालकाचा आणि तोटा विम्याचा, अशी सोय झाल्यावर बुडत्याचा पाय खोलात जाणारच. (काही ठिकाणी उघड लबाडीही झाली.) 1986 ते 1995 या काळात सुमारे 3,200 पैकी हजारांहून अधिक संस्था बंद पडल्या आणि करदात्यांवर सुमारे 124 अब्ज डॉलरचा बोजा पडला. आता तेथील बरीच गृहकर्जे रोख्यांत रूपांतरित करून गुंतवणूकदारांना विकली जातात.