छोटी ऑनलाइन सेवा दोघांनी चालवायची तर कोणता टेक स्टॅक (सर्व्हर, डेटाबेस, भाषा यांचा संच) घ्यावा? पार्टनर म्हणतो कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारी, सांभाळणारी यंत्रणा) आत्ताच घे, पुढे लोड वाढला तर?

कुबरनेटिस नको. एक सर्व्हर, पोस्टग्रेस हा डेटाबेस, पुढ्यात एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि तुमच्या हातात बसलेली प्रोग्रामिंगची भाषा. पीएचपी येत असेल तर पीएचपी. हसणाऱ्यांना हसू द्या.

"पुढे लोड वाढला तर?" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत, म्हणून लिहायला बसलो. आमच्या नोंदणीच्या साइटवरून पावतीचे ईमेल जायचे, दिवसाला काहीशे. मी म्हटलं, डेटाबेसमध्ये एक टेबल करू, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) दर मिनिटाला त्यातले ईमेल उचलेल. टीममधल्या एका सीनियरनं तोंड वाकडं केलं, "हे स्केल होणार नाही", आणि मध्ये रॅबिटएमक्यू, म्हणजे मेसेज रांगेत ठेवणारं वेगळं सॉफ्टवेअर, आणून बसवलं. ते आधी कुणीच चालवलेलं नव्हतं.

एका रात्री ईमेल पाठवणारा वर्कर, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, गुपचूप मेला. मेसेज साचत गेले, मेमरीची मर्यादा ओलांडली, आणि रॅबिटएमक्यूनं मेसेज टाकणाऱ्यांनाच थोपवून धरलं. त्याचा दोष नाही, ते तसंच बनवलंय. पण आमचं नोंदणीचं पान मेसेज टाकल्याशिवाय पुढे जात नव्हतं, ते नुसतं गरगरत राहिलं. सगळे डेटाबेसच्या नावानं बोटं मोडत होते, आणि तो निवांत: सीपीयू थंड, स्लो क्वेरी (रेंगाळणारी विचारणा) एकही नाही. पावती उशिरा गेली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? इथे नोंदणीच बंद पडली.

शेवटी टेबलच केलं. पोस्टग्रेस ९.५ मध्ये, म्हणजे २०१६ साली, 'स्किप लॉक्ड' आलं. एका वर्करनं धरलेली रो दुसरा सोडून देतो आणि पुढची उचलतो, एकच ईमेल दोघांच्या हाती लागत नाही. किती तुंबलेत ते बघायला एक काउंट क्वेरी पुरते. सीनियर साहेब अजून त्याला जुगाड म्हणतात. म्हणोत बापडे.

एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेसही चालेल. २००० सालापासून आहे, त्यांची स्वतःची साइट त्यावरच चालते. मात्र तिथे एका वेळी एकच जण लिहू शकतो, आणि चालू फाइल नुसती कॉपी केली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. तिची बॅकअप कमांड वापरा. पोस्टग्रेसचा डंपही (डेटाची काढून ठेवलेली प्रत) अधूनमधून दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा.

बाकी, टीममध्ये कुबरनेटिस रोज हाताळणारी माणसं असतील तर गोष्ट वेगळी. नोकरीसाठी शिकायचं असेल तर जरूर शिका, फक्त ग्राहकांच्या डेटावर नको.

लोड खरंच वाढला तर आधी स्लो क्वेरी लॉग उघडा, बहुतेकदा एखादा इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) करायचा राहिलेला असतो. मग मोठा सर्व्हर घ्या. आणि पार्टनरला एकदा विचारा, आज सेकंदाला रिक्वेस्ट किती येतात? आमच्या सीनियरला तो आकडा सांगता आला नव्हता.