मक्याचे तुरे खुडायचे का?

पहिल्यांदाच मका लावताय, तर आधी एक सांगतो: दाण्यासाठी किंवा कणसांसाठी लावलेल्या मक्याचे तुरे काढू नका. तुरा म्हणजे नरफुलोरा. त्यातला पराग वाऱ्याने कणसाच्या केसरांवर पडतो आणि एका केसरामागे एक दाणा भरतो. सगळे तुरे गेले तर कणीस रिकामंच.

मग बियाण्याच्या प्लॉटवर ते का खुडतात? तिथे नर आणि मादी वाणांच्या वेगवेगळ्या ओळी असतात. मादीला स्वतःचा पराग लागू नये, फक्त नराचा लागावा, म्हणून मादी ओळींचे तुरे पराग गळायच्या आत रोज फिरून उपटतात. एखादा राहिला तरी संकर बिघडतो. ते काम सध्या तुमचं नाही.

तुम्ही एवढं सांभाळा:

- एकच लांब ओळ नको. शेजारीशेजारी किमान चार ओळी लावा, नाहीतर कणसं अर्धवट भरतात. नवख्यांची ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे.
- दोन रोपांत २० ते २५ सेंमी अंतर ठेवा. दाटी झाली तर विरळणी कराच, जीव तुटला तरी.
- तुरा आणि केसर येताना पाण्याचा ताण अजिबात नको.

खतांच्या मात्रांचं पुढच्या वेळी बोलू. लावा बिनधास्त!