मुलगा आयर्नवर्कर व्हायचं म्हणतोय. कॉलेजच्या पैशांचं काय करू?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा १९ वर्षांचा, अमेरिकन नागरिक. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालंय, पण पुढे शिकायचं नाही म्हणतो. आयर्नवर्कर्स म्हणजे इमारतींचे पोलादी सांगाडे उभारणारे आणि काँक्रीटच्या सळ्या बांधणारे कामगार; त्यांच्या युनियनच्या पगारी अप्रेंटिसशिपला (काम करत शिकायची उमेदवारी) अर्ज करायचाय. २००८ साली त्याच्या नावे उघडलेल्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) ५४,००० डॉलर आहेत. ते काढून त्याला गाडी आणि घरभाडं द्यावं, की आधी डिग्री पूर्ण करायला लावावी?

उत्तर: अर्ज करू द्या. खातं मात्र मोडू नका.

या धंद्यात ताशी दर ऐकून लोक हुरळतात आणि तिथेच हिशेब चुकतो. बहुतेक लोकलमध्ये (युनियनच्या स्थानिक शाखांमध्ये) सुरुवात पूर्ण कामगाराच्या निम्म्या दराच्या आसपास होते. तो दर ५० डॉलर धरला, तर तुमच्या मुलाचे ताशी २५. वर्षाचे २,०८० तास धरून ५२,००० होतात, पण तितके तास सहसा भरत नाहीत. पाऊस, वारा, बर्फ आला की काम बंद; इमारतीचा सांगाडा उभा राहिला की पुढच्या साइटपर्यंत घरी बसणं. पहिल्या वर्षाला मी १,४०० तास धरते, म्हणजे ३५,०००. कर आणि युनियनची कपात जाऊन हातात साधारण २८,०००. युनियनची वर्गणी आणि स्वतःची अवजारं यांवर फेडरल करात २०१८ पासून वजावट मिळत नाही.

पगारवाढ, आरोग्य विमा आणि पेन्शन यांचीही गणती सहसा तासांवरच होते. ठरलेले तास भरले नाहीत तर विमा खंडित होतो. म्हणून २६ वर्षांचा होईपर्यंत त्याला तुमच्या पॉलिसीतून काढू नका. बेकारी भत्ता मिळेल. न्यू जर्सीत तो सरासरी आठवड्याच्या पगाराच्या ६० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, आणि जास्तीत जास्त २६ आठवडे. तरीही चार महिन्यांचा खर्च बँकेत हवा. ओव्हरटाइमच्या एका चांगल्या महिन्याच्या जोरावर नव्या पिकअपचा हप्ता घेतला, तर जानेवारीत तो भरणं जड जाईल. साइट बदलत राहते, त्यामुळे गाडी लागेलच. पण ती जुनी, रोखीने घेतलेली असू द्या. आणि पहिली दोन वर्षं त्याला घरीच राहू द्या.

आता ५२९. नोंदणीकृत अप्रेंटिसशिपची फी, पुस्तकं आणि प्रशिक्षणाला आवश्यक अवजारं यांसाठी पैसे करमुक्त काढता येतात: पट्टा, स्पड रेंच (टोकदार शेपटाचा पाना), बुल पिन (भोकं जुळवायची निमुळती खीळ), बीटर (जड हातोडा). गाडी आणि भाडं यात बसत नाही. त्यासाठी काढलेत तर नफ्यावर कर आणि वर १० टक्के दंड. खातं १५ वर्षांहून जुनं आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू. त्यातून मुलाच्या रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीचं बचत खातं) आयुष्यभरात ३५,००० डॉलरपर्यंत वळवता येतात. अट अशी की एका वर्षात रॉथच्या त्या वर्षीच्या मर्यादेइतकेच (२०२५ साली ७,०००), आणि त्याची तेवढी कमाई हवी. गेल्या पाच वर्षांत भरलेली रक्कम आणि तिच्यावरचा नफा यात चालत नाही. उरलेले तसेच ठेवा. तो पुन्हा कॉलेजला गेला तर उपयोगी पडतील.

धोका खरा आहे, तो झाकू नका. पोलादी सांगाडा उभारताना १५ फुटांवर पडण्यापासून संरक्षण लागतं, पण बीम जोडणाऱ्या कनेक्टरला ३० फुटांपर्यंत दोर न अडकवण्याची मुभा आहे. स्पड रेंचचं टोकदार शेपूट भोकात घालून तो दोन बीम जुळवतो, तेव्हा लक्ष भोकावर असतं. मुभा असली तरी दोर अडकवायचा, हे त्याच्याशी स्पष्ट बोला. सळ्या बांधायच्या कामात पाठ आधी जाते. वर्कर्स कॉम्प (इजा झालेल्या कामगाराला भरपाई देणारा विमा) फक्त कामावरच्या इजेला लागू होतं. घरी पाय मोडला तर राज्याचा अपंगत्व भत्ता, तोही कमाल २६ आठवडे. मोठा आजार आला तर पुढचा पगार कुठून येणार, याची सोय आधीच बघावी लागेल.

हे वाचणाऱ्या एच-४ व्हिसावरच्या (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) मुलांच्या पालकांसाठी: त्या व्हिसावर मुलांना काम करता येत नाही, त्यामुळे हा रस्ता कामाची परवानगी मिळाल्यानंतरच.

उत्तर न्यू जर्सीत लोकल ११ आहे. सही करण्याआधी तिथल्या समन्वयकाला मुलाने स्वतः विचारावं: गेल्या हिवाळ्यात पहिल्या वर्षाची मुलं किती आठवडे बसून होती? विम्यासाठी तिमाहीला किती तास लागतात? मध्येच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च परत मागता का? आणि वर्षाचे किमान २०४ तासांचे वर्ग कोणत्या वेळी असतात?