वाचकांचे प्रश्न : गाण्याच्या शिकवणीत काय ठरवावे, काय मागावे

या वेळच्या टपालात घरगुती गाण्याच्या शिकवणीविषयीची पत्रे बरीच आहेत. पालकांच्या पत्रांत शिक्षकांविषयी शंका आहेत, तर शिक्षकांच्या पत्रांत पालकांविषयी खंत आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी आमच्याच सोसायटीतल्या एका ताईंकडे आठवड्यातून एकदा गाणे शिकते. सहा महिने झाले तरी सा लावणे आणि पलटे (ठरावीक क्रमाने घोटायच्या स्वरांच्या ओळी) एवढेच चालू आहे. एकही गाणे तिला येत नाही. वर्गात मला बसू दिले जात नाही. शिवाय दहावीला वाढीव गुण मिळतात असे ऐकले, तर परीक्षांना तिला केव्हा बसवावे? — एक आई, गोरेगाव

उत्तर : वर्गात बसण्याचा प्रश्न आधी घेते, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. आई समोर असली की काही मुले शिक्षकांकडे पाहण्याऐवजी आईच्या चेहऱ्याकडे पाहत गातात, त्यामुळे 'रोज शेजारी बसू नका' असे ताई म्हणत असतील तर ते समजण्यासारखे आहे. मात्र दार उघडे असावे आणि न सांगता कोणत्याही दिवशी येऊन मागे शांत बसण्याची मुभा तुम्हाला असावी. एवढेही मान्य नसेल, तर शिक्षक कितीही मोठे असले तरी तो क्लास बंद करावा.

सहा महिने पलटे घोटून घेणे ही चूक नाही. त्यातून काय साधले हे पाहायला हवे, आणि ते गाणे न शिकलेल्या आईलाही घरच्या घरी पाहता येते. मोबाइलवर तानपुरा लावून मुलीला सा लावायला सांगा, मग तानपुरा बंद करून तिला तसेच गात राहू द्या आणि दहा-पंधरा सेकंदांनी तो पुन्हा सुरू करा. तिचा सा जागच्या जागी असेल तर तिचा कान तयार होतो आहे. त्यानंतर तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजायला सांगा : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. या दोन्ही गोष्टी जमत असतील तर तुमचे सहा महिने वाया गेलेले नाहीत. तरीही नऊ वर्षांच्या मुलीला अर्धे वर्ष गायला काहीच न देणे मला पटत नाही. भूप रागात पाचच स्वर आहेत, मध्यम आणि निषाद त्यात नाहीत, त्यामुळे त्यातले एखादे सरगमगीत (शब्दांऐवजी स्वरांच्या नावांचे गाणे) किंवा लहानशी चीज, म्हणजे बंदिश, पलट्यांच्या जोडीने सहज बसवता येते. हे ताईंना मोकळेपणाने सांगा; कारण विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. उलट, शेजारच्या क्लासमधल्या मुली स्नेहसंमेलनात गातात म्हणून घाई मात्र करू नका. तशी गाणी बहुधा पेटीवर प्रत्येक स्वर वाजवून बसवलेली असतात, आणि पेटी थांबली की मुलीही थांबतात. तुमच्याकडेही गाताना पेटी अखंड वाजत असेल तर निदान अर्धा वेळ केवळ तानपुऱ्यावर गाऊन घ्यावे, अशी विनंती जरूर करा.

यात घराचाही वाटा आहे. आठवड्यातल्या एका तासात शिक्षक चूक दाखवतात आणि दुरुस्त करून देतात. ती दुरुस्ती गळ्यात बसते ती उरलेल्या सहा दिवसांत. या वयात रोज पंधरा मिनिटे पुरेत, मात्र ती रोज हवीत आणि त्या वेळी घरातला टीव्ही बंद हवा.

परीक्षांविषयी थोडक्यात सांगते. गायक आणि संगीतप्रसारक पं. विष्णु दिगंबर पलुस्कर १९३१ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांमुळे घरगुती शिकवणीला एक निश्चित अभ्यासक्रम मिळाला. दहावीच्या वाढीव गुणांच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या शाळेतच विचाराव्यात. प्रारंभिकला तिला केव्हा बसवायचे हे मात्र गुणांवरून ठरवू नका. अभ्यासक्रमातले राग ती पेटीच्या आधाराशिवाय गाऊ लागली, की बसवा.

प्रश्न : मी घरी दहा-बारा जणांना गायन शिकवते. 'आज जमणार नाही' असा निरोप ऐनवेळी येतो आणि महिन्याअखेरीस तेवढी फी कापून हातात ठेवली जाते. मे महिन्यात आणि गणपतीत निम्मे विद्यार्थी गावी जातात. विद्या देणाऱ्याने पैशांवरून बोलू नये, असे घरचेच म्हणतात. मी काय करावे? — एक शिक्षिका, मुलुंड

उत्तर : पैशांविषयी बोलणे आपल्या परंपरेत बसत नाही, हा समज आधी मनातून काढून टाका. ख्यालगायिका केसरबाई केरकर १९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या (गुरूने धागा बांधून रीतसर स्वीकारलेल्या) झाल्या, तेव्हा तालमीच्या अटी आधी ठरल्या होत्या आणि त्यात बिदागीचा भागही होता. त्यानंतर खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत, ते नाते टिकले. अटी स्पष्ट असल्याने गुरूचा मान कमी झाला नाही, आणि तालमीत व्यवहाराची कटकटही शिरली नाही.

मी शिकवू लागले तेव्हा खाड्यांची वही ठेवत असे आणि महिन्याअखेरीस बेरीज-वजाबाकी करताना त्या त्या विद्यार्थ्याविषयी मनात अढी बसत असे. पुढच्या तासाला तीच अढी घेऊन मी शिकवायला बसायचे, आणि याचा तोटा विद्यार्थ्याला व्हायचा. म्हणून आता नवीन विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी पालकांना एक पान लिहून देते. फी महिन्याची आहे, तासांची नाही, कारण मंगळवारचे पाच ते सहा मी त्या मुलासाठी राखून ठेवलेले असतात आणि त्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलावता येत नाही. फी महिन्याच्या सुरुवातीला द्यायची. आदल्या दिवशी कळवले तर महिन्यातला एक तास मी भरून देते. त्याच दिवशी कळवले तर तो तास झाला असे धरते. माझा खाडा मात्र काहीही झाले तरी मीच भरून काढते. मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी अर्धी फी भरून आपली वेळ राखावी, नाहीतर ती सोडावी आणि जूनमध्ये जी मिळेल ती घ्यावी. तुमच्या अटी वेगळ्या असू शकतील, पण त्या सर्वांना सारख्या असाव्यात. ज्यांची परिस्थिती खरोखर ओढगस्तीची आहे त्यांना सवलत जरूर द्यावी. ती तुम्ही समजून-उमजून दिलेली असावी, महिन्याअखेरीस कुणी परस्पर कापून घेतलेली नसावी.

पावसात लोकल बंद पडल्या की तास व्हिडिओ कॉलवर घेता येतो, पण त्याचे तंत्र वेगळे आहे. आवाज पोहोचायला उशीर लागत असल्याने दोघांनी एकत्र गाणे जमत नाही. तुम्ही गाऊन थांबायचे आणि मग विद्यार्थ्याने गायचे. शिवाय ही अॅप तानपुऱ्याच्या अखंड नादाला गोंगाट समजून तो दाबतात, म्हणून 'ओरिजिनल साउंड'सारखी सोय असेल तर ती चालू करावी आणि तानपुरा विद्यार्थ्याच्या बाजूला लावावा.

जेवढे तुम्ही मागाल, तेवढेच तुमच्याकडूनही मागितले जाईल. तास वेळेवर सुरू व्हावा, मध्ये फोन घेऊ नये, एकट्याची म्हणून ठरलेली वेळ न विचारता तिघांची बॅच होऊ नये. गुरुपौर्णिमेला कोण काय आणतो हे मनात धरू नये. विद्यार्थ्याने दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकायला जाण्यावर बंदी घालू नये. एकाच वेळी दोघांकडे शिकल्याने गळा गोंधळतो हे मात्र त्याला जरूर समजावून सांगावे. आणि एखाद्याला नाट्यगीत शिकायचे आहे, ते आपले क्षेत्र नाही, असे दिसले तर योग्य शिक्षकाचे नाव आपणच सुचवावे. हे मला फार उशिरा सुचले आणि तोवर दोन चांगले गळे माझ्याकडे उगीच अडकून राहिले, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : वय ६३, बँकेतून निवृत्त. लहानपणी भजनी मंडळात गायचो. आता शिकायला कोणी घेईल का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : अवश्य घेतील. तुमच्याजवळच्याच वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेले संगीतशास्त्राचे अभ्यासक पं. भातखंडे वकिली करणारे होते, आणि १८७० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या गायन उत्तेजक मंडळीसारख्या हौशी रसिकांच्या संस्थेत त्यांचा अभ्यास वाढला. नोकरी-व्यवसाय सांभाळून गाणे शिकण्याची या शहराची रीत जुनी आहे. तुम्ही पहिल्याच भेटीत आपल्याला नेमके काय हवे ते सांगा : भजन नीट गायचे आहे, की राग ओळखता यायला हवेत, की दोन्ही. लहान मुलांना उत्तम शिकवणाऱ्याला प्रौढांना शिकवता येईलच असे नाही, म्हणून आधी एक महिना शिकून पाहावे आणि दोघांनी मग ठरवावे. वरच्या पट्टीचा, म्हणजे उंच सा धरून गाण्याचा, आग्रह धरू नका. दम तोकडा पडतो तो बहुतेकदा पट्टी चढी असल्याने.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा काळी चारमध्ये (पेटीवरच्या चौथ्या काळ्या सुराला सा धरून) गात असे. आता त्याचा आवाज फुटला आहे. स्पर्धा जवळ आल्याने सर त्याच पट्टीत गायला लावतात आणि तो रडकुंडीला येतो. — एक वडील, दहिसर

उत्तर : स्पर्धेतून त्याचे नाव काढून घ्या. या वयात मुलांचा कंठ झपाट्याने वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. हे होत असताना जुन्या पट्टीत जोर लावला, तर घसा ताणून गाण्याची सवय लागते, आणि ती पुढे मोडणे फार कठीण असते. सरांना आदराने पण स्पष्ट सांगा की काही महिने पट्टी खाली घ्यावी, ती दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावी, गाणे मध्य सप्तकात ठेवावे आणि ताना थांबवाव्यात. घसा तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला किंवा गाताना दुखला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. या काळात शिकणे थांबत नाही : ठेके हातावर घेणे, बंदिशींचे स्वरलेखन करणे, एकच राग तीन-चार गायकांकडून ऐकणे, या गोष्टींना एरवी वेळ मिळत नाही. काळी चारचा षड्ज, म्हणजे सा, त्याला आता बहुधा परत मिळणार नाही, हेही त्याला जवळ बसवून सांगा, म्हणजे तो स्वतःला दोष देणार नाही. पुरुषांचा आवाज सहसा काळी एक ते काळी दोनच्या आसपास स्थिरावतो. त्या पट्टीत तानपुरा लावून रोज थोडा वेळ केवळ ऐकायला बसवा, आणि हळू आवाजात सा आपणहून लागला तरच त्याला तो लावू द्या.