फांद्या असलेला रेणू आकड्यात कसा मोजतात?

प्रश्न : कोयलीच्या रिफायनरीत नोकरी झाल्यामुळे फांद्या असलेले हायड्रोकार्बन पेट्रोलला चांगले, एवढे मला ठाऊक आहे. मात्र एखाद्या रेणूला फांद्या कितपत आहेत हे ग्राफ थिअरीने एका आकड्यात सांगता येते, असे माझी नात म्हणते. ते कसे?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : हायड्रोजन वगळून प्रत्येक कार्बनसाठी एक बिंदू आणि प्रत्येक बंधासाठी एक रेघ काढली, की रेणूचा आलेख, म्हणजेच ग्राफ, तयार होतो; ग्राफ थिअरी हे अशा बिंदू-रेघांच्या जाळ्यांचे गणित. बिंदूंच्या प्रत्येक जोडीमध्ये किती बंध पडतात ते मोजून त्या सर्वांची बेरीज करावी, ही युक्ती हॅरी वीनर यांनी १९४७ मध्ये पॅराफिनांचे (फक्त एकेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनांचे) उत्कलनबिंदू वर्तवण्यासाठी मांडली. पाच कार्बनांच्या रेणूंपैकी सरळ साखळीच्या पेंटेनसाठी ही बेरीज २०, एक फांदी असलेल्या आयसोपेंटेनसाठी १८ आणि मधल्या कार्बनाला उरलेले चारही जोडलेल्या निओपेंटेनसाठी १६ येते. त्यांचे उत्कलनबिंदूही त्याच क्रमाने सुमारे ३६, २८ आणि ९.५ अंश सेल्सिअस असे उतरतात, कारण रेणू जितका आटोपशीर, तितका शेजारच्या रेणूला भिडणारा त्याचा पृष्ठभाग कमी आणि त्यांच्यातील आकर्षणही क्षीण.

जोड्या मोजत बसण्याचेही कारण नाही. रेणूत वलय नसेल तर एकेक बंध तोडल्याची कल्पना करावी, दोन्ही तुकड्यांतील कार्बनांच्या संख्यांचा गुणाकार करावा आणि असे सर्व गुणाकार मिळवावेत. निओपेंटेनचा कोणताही बंध तोडला तरी एकीकडे १ आणि दुसरीकडे ४ कार्बन उरतात. चार बंधांचे मिळून १६ झाले. नातीसोबत हे कागदावर करून पाहावे, असे मी सुचवेन.

मात्र हा एकच आकडा पुरेसा मानू नये. ३-इथाइलपेंटेन (पाच कार्बनांच्या साखळीच्या मध्यावर दोन कार्बनांची एक फांदी) आणि २,४-डायमिथाइलपेंटेन (त्याच साखळीच्या दुसऱ्या व चौथ्या कार्बनावर एकेका कार्बनाची फांदी) या दोघांचीही बेरीज ४८ येते, पण पहिला सुमारे ९३.५ अंशांवर उकळतो आणि दुसरा ८०.५ अंशांवर. वीनर यांनी म्हणूनच, आणि हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, नेमके तीन बंधांच्या अंतरावर असलेल्या जोड्यांची संख्याही सोबत घेतली होती. ती पहिल्यात ६ आणि दुसऱ्यात ४ भरते. पुढे १९७५ मध्ये मिलान रँडिच यांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक बंधाच्या दोन टोकांच्या कार्बनांना किती कार्बन जोडलेले आहेत त्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्याच्या वर्गमुळाने १ ला भागायचे आणि सर्व बंधांची बेरीज घ्यायची. या मापाने तेच दोन रेणू ३.३५ आणि ३.१३ असे स्पष्ट वेगळे होतात.