फॉग लॅम्प लावले की इंजिन तापतं?

प्रश्न : काका, नमस्कार. माझी २००९ची जिप्सी आहे. पावसाळ्यात माळशेजला जाणं होतं, म्हणून डॅशबोर्डवर तीन मीटर बसवून घेतले : पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट. दिवसा सगळं ठीक. पण फॉग लॅम्प लावले की पाण्याचा काटा ८५वरून झटकन ९५ला जातो आणि ऑइलचा काटा खाली येतो. लॅम्प बंद केले की दोन्ही जागेवर. इलेक्ट्रिशियन म्हणतो, प्रत्येक मीटरला बॅटरीपासून वेगळी लाइन आणि वेगळा फ्यूज टाकावा लागेल. व्हॅक्यूमचा चौथा मीटरही घ्यायचाय. वायरिंगचे फोटो सोबत पाठवतोय.
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : खिशात हात घालू नका. दिवा लावल्याबरोबर पाणी दहा डिग्रीनं तापेल, असं इंजिन मी अजून पाहिलेलं नाही.

फोटो मोठा करून पाहिला. डॅशबोर्डखाली एकाच स्क्रूला पाच काळ्या वायरी. थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची कडी) एकीलाही नाही, तारा पिळून वॉशरखाली दाबल्यात आणि खाली पत्र्यावर रंग तसाच. तीन वायरी मीटरच्या, दोन फॉग लॅम्पच्या. बंपर फायबरचा दिसतो, त्यातून वीज जात नाही, म्हणून लॅम्पची अर्थ, म्हणजे करंट परत बॉडीत नेणारी वायर, आत आणली असणार. तिथेच गोची आहे.

५५ वॅटचे दोन बल्ब मिळून ९ अँपिअरच्या आसपास करंट घेतात. तो सगळा त्या रंगावर बसलेल्या स्क्रूतून बॉडीत जातो. तिथे नुसता ०.०५ ओहम रोध असला तरी जवळजवळ अर्धा व्होल्ट अडकतो, आणि मीटरचा शून्य तेवढा वर उचलला जातो. सेन्सरची अर्थ मात्र थेट इंजिन ब्लॉकमधून. त्यामुळे मीटरला वाटतं, सेन्सरचा रोध कमी झाला. पाण्याच्या सेन्सरचा रोध तापल्यावर कमी होतो, म्हणून तो काटा वर. तुमचा ऑइलचा सेन्सर बहुतेक १० ते १८० ओहमचा असावा; त्याचा रोध दाबाबरोबर वाढतो, म्हणून तो काटा खाली. दोन्ही काटे एकाच वेळी वाईट बातमी देतात ते यामुळे.

खात्री करून घ्या. मल्टिमीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल त्या स्क्रूला. इंजिन चालू, लॅम्प चालू. ०.१च्या वर आकडा दिसला की चोर सापडला.

लॅम्पची अर्थ पुढे चासीवरच घ्या. मीटरच्या तिन्ही काळ्या वायरी एका छोट्या बसबारवर (वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) आणा आणि तिथून १.५ स्क्वेअर एमएमची एकच वायर बॉडीला जोडा. पत्रा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासायचा, नीट क्रिंप केलेली, म्हणजे वायरवर घट्ट दाबून बसवलेली थिंबल लावायची, वर थोडं ग्रीस. पिळलेली तार आणि काळी टेप ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या दमट हवेत दोन पावसाळेही काढत नाही.

वेगळ्या लाइनचं म्हणाल तर गरज नाही. असे चार मीटर बल्बांसकट दोन अँपिअरच्या आतच राहतात. इग्निशनवर चालू होणारी एक लाइन, ५ अँपिअरचा एक फ्यूज, आणि तिथून सगळ्यांना फाटे. आतल्या बल्बची वायर पार्किंग लाइटवर. सेन्सरकडून येणारी सिग्नलची वायर मात्र ज्याची त्याला. कंपनीच्या सेन्सरवर दुसरा मीटर टांगलात तर दोन्ही चुकीचं दाखवतील.

व्हॅक्यूमचा मीटर पाइपवर चालणारा घेतलात तर त्याला फक्त बल्बच्या दोन वायरी लागतील.

मी शहाणपणा शिकवतोय खरा, पण वीसेक वर्षांपूर्वी वागळे इस्टेटला एका टेम्पोवर मीही असाच फसलो होतो. सेन्सर बदलला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर उतरवायला निघालो, तेवढ्यात मालकाचा पोरगा म्हणाला, “काका, हॉर्न वाजवला तरी हलतो हो काटा.” थर्मोस्टॅटचे पैसे मी माझ्याच खिशातून भरले.

आता एक रागावून सांगतो. दुसऱ्या फोटोत कंपनीचा ऑइलचा स्विच काढून त्याच जागी नवा सेन्सर बसवलेला दिसतोय. म्हणजे ऑइलचा दाब पडल्यावर पेटणारा तुमचा लाल दिवा मेला. पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावा आणि स्विच व सेन्सर दोन्ही ठेवा. घाटात तुमची नजर रस्त्यावर असते; काटा पडलेला दिसणार नाही, दिवा पेटलेला दिसेल. आटे बसवताना टेफ्लॉन टेप गुंडाळत सुटू नका. एका वायरच्या सेन्सरची अर्थ त्या आट्यांतूनच जाते, आणि टेप जास्त झाली की काटा पुन्हा नाचायला लागेल.