हार्डवेअरच्या दुकानातली माणसं आणि त्यांचा विमा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं अंबडला हार्डवेअरचं दुकान आहे, मागं गोडाऊन. सिमेंट, सळई, पत्रे, पीव्हीसी पाईप, कलर सगळंच ठेवतो. पाच माणसं कायमची, आणि जालन्याहून सळईची गाडी आली की नाक्यावरून दोन-तीन हमाल बोलावतो. शेजारच्या दुकानात एक पोरगा शिडीवरून पडला तेव्हापासून घरचे मागं लागलेत विमा काढा म्हणून. एजंट म्हणतो डब्ल्यूसी पॉलिसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगाराच्या अपघाताची भरपाई देणारी) काढा, मित्र म्हणतात दहाच्या आत माणसं असली की काहीच लागू होत नाही आणि दुकानाचा विमा तर आहेच. खरं काय?

उत्तर : दादा, मित्रांची गल्लत झालीय. दहा माणसांची अट आहे ती ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेची. दुकानात दहा किंवा जास्त माणसं असली आणि पगार 21,000 पर्यंत असला की ईएसआय लागतं, मालकानं 3.25 टक्के भरायचे, कामगाराचे 0.75 टक्के कापायचे, मग अपघाताचं ईएसआय बघून घेतं. तुम्ही त्याच्या खाली आहात म्हणजे सुटलात असं नाही, उलट सगळा बोजा सरळ तुमच्या अंगावर येतो. 1923 पासून यासाठी नुकसानभरपाईचा कायदा होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण मूळ गोष्ट तीच राहिली : कामावर असताना कामामुळं माणूस जखमी झाला तर भरपाई मालकानं द्यायची. मालकाची चूक होती का नव्हती हे त्यात बघत नाहीत. गोडाऊनमध्ये माल चढवणारा-उतरवणारा माणूस यात येतो. विमा काढा नाहीतर नका काढू, देणं लागतंच, पॉलिसी असली की ते देणं कंपनी भरते एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

किती मोठा ते बघा. समजा 30 वर्षांचा माणूस, पगार 12,000. सळईचा बंडल अंगावर येऊन तो गेला तर निम्मा पगार म्हणजे 6,000, त्याला 30 वयाचा ठरलेला गुणक 207.98, झाले 12,47,880 रुपये. जगला पण कायमचा अंथरुणाला खिळला तर निम्म्याऐवजी 60 टक्के पगार धरतात, 14,97,456 रुपये. पत्रा कापताना अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं तर त्याला 14 टक्के अपंगत्व लिहिलेलं आहे, म्हणजे या शेवटच्या आकड्याचे 14 टक्के, 2 लाख 9 हजारांच्या वर. दवाखान्याचा झालेला खर्च वेगळा. पगार जास्त असला तरी हिशोबात 2020 पासून 15,000 च्या वर धरत नाहीत. तालुक्याच्या दुकानदारानं एकदम बारा-पंधरा लाख कुठून काढायचे? दुकान मोडावं लागतं नाहीतर वावर.

दुकानाचा विमा म्हणताय तो बहुतेक आगीचा आणि चोरीचा असणार. त्यात कामगारांचा भाग घेतला असला तरच असतो, कागद काढून वाचा, नसेल तर डब्ल्यूसी घ्या. प्रीमियम ठरतो वर्षभराच्या एकूण पगारावर आणि कामाच्या प्रकारावर. आणि इथंच लोक फसतात, मला याचं खरंच वाईट वाटतं, चार पैसे वाचवायला पाचाऐवजी दोनच माणसं दाखवतात, 12,000 चा पगार 6,000 लिहितात, वर्षानुवर्षं हप्ता भरतात आणि क्लेमच्या दिवशी कंपनी म्हणते तुम्ही जेवढं लिहून दिलं तेवढंच, बाकीचं तुम्ही बघा. खरा पगार लिहा, सगळी माणसं लिहा, गल्ल्यावर बसणारा पण लिहा, कारण गर्दी झाली की तोच पाईप काढायला मागं जातो.

नाक्यावरच्या हमालांचं पण तसंच. रोजंदारीवाला म्हणून तो कायद्याबाहेर, ही पळवाट होती, ती 2000 सालीच काढून टाकलीय. त्यांची वर्षाची अंदाजे मजुरी पॉलिसीत वेगळी दाखवा, मुकादमामार्फत येत असतील तर ठेकेदाराच्या माणसांचं कव्हर आहे का ते विचारा. दवाखान्याचा खर्च बऱ्याच पॉलिसीत जादा प्रीमियम भरल्याशिवाय येत नाही, तोही विचारा आणि लिमिट किती ते लिहून घ्या. माल पोचवायला छोटा हत्ती असेल तर ड्रायव्हर आणि मागं बसणारा हमाल गाडीच्या विम्यात आहेत का ते बघा.

अपघात झालाच तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. भरपाई महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं आणि कारण नसताना अडवून ठेवली तर 50 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो.

प्रश्न : माझे मिस्टर वसमतला एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला होते. जीआय पाईप उतरवताना पायावर पडला, हाड मोडलं, रॉड टाकलाय, चार महिने झाले घरीच आहेत. मालकानी दवाखान्याचे थोडे पैसे दिले आणि बाँडवर सही घेतली की यापुढं काही मागणार नाही. पगार रोख मिळायचा, कागद काहीच नाही. आता काही होतं का?

उत्तर : होतं ताई, सहीला घाबरू नका. हक्क सोडला असं लिहून घेतलेला कागद कायद्यापुढं टिकत नाही. काम बंद होतं त्या काळासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के मिळायला पाहिजेत, 28 दिवस किंवा जास्त काम बंद राहिलं तर पहिल्या दिवसापासून. बरे झाल्यावर पाय आखूड राहिला, वजन उचलता येत नाही असं काही उरलं तर त्याची भरपाई वेगळी, त्यासाठी डॉक्टरकडून अपंगत्वाचे टक्के लिहून घ्यावे लागतात. दवाखान्याची सगळी बिलं सांभाळून ठेवा, मालकानी दिले त्याच्या वरचा खर्चही मागता येतो.

पगाराचा कागद नाही म्हणता, पण बाकीचं शोधा. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर "दुकानात पाईप पडून" असं लिहिलंय का, मालकानी फोन पे वर कधी पैसे टाकले का, मिस्टरांच्या हातची डिलिव्हरीची चलनं, सोबतचे कामगार, नेहमीचे गवंडी आणि प्लंबर, कोणीही सांगू शकतं की हे तिथं कामाला होते. आणि गंमत म्हणजे तो बाँडच मोठा पुरावा आहे, कामावर नव्हते तर मालकानी सही कशाला घेतली असती? त्याची झेरॉक्स मिळवा. अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो, त्यामुळं आधी मालकाला लेखी नोटीस द्या आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, उत्पन्न कमी असलेल्यांना तिथं वकील फुकट मिळतो.

प्रश्न : मी दुकानातल्या पोरांचा 20 रुपयेवाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेतून काढून दिलाय. तेवढ्यावर भागतं का? (एक दुकानदार, उदगीर)

उत्तर : काढून दिला हे चांगलंच केलं, चालू ठेवा. पण तो 2 लाखांचा आहे आणि तो त्या पोराचा स्वतःचा विमा आहे, मिळालेली रक्कम त्याच्या घरच्यांची, तुमच्या देण्यातून ती वजा होत नाही. डब्ल्यूसी वेगळी काढावी लागेल. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्या आणि बऱ्याच खाजगी कंपन्या ती देतात, दोन-तीन ठिकाणचे कोटेशन घ्या आणि दवाखान्याच्या खर्चाचं लिमिट शेजारी-शेजारी ठेवून बघा.